छत्तीस अंडी, दोन हिवाळे
बंदिवासातल्या पार्सन कॅमेलियनच्या, म्हणजे मादागास्करच्या एका मोठ्या सरड्याच्या, एका विणीची नोंद

मादी माझ्याकडे आली तेव्हा सव्वातीन वर्षांची होती, वजन २८६ ग्रॅम. नर पाच वर्षांचा, ४९० ग्रॅम. दोघंही बंदिवासातच अंड्यातून निघालेली, वेगवेगळ्या घराण्यांतली, कागदपत्रांसह आलेली. त्याआधी सहा वर्षं मी पँथर कॅमेलियन पाळत होतो, त्यांची पिल्लंही काढली होती, आणि हे काम आपल्याला येतं अशी माझी ठाम समजूत होती. पुढच्या साडेतीन वर्षांत जे जे बिघडलं, त्यातलं निम्मं या समजुतीच्या खात्यावर जमा आहे.

पँथर आणि पार्सन दोन्ही मादागास्करचेच, म्हणून एकाची पद्धत दुसऱ्याला चालेल असं वाटतं. पँथर हा बेटाच्या उत्तर आणि पूर्व किनारपट्टीचा, उबदार सखल भागातला. भराभर वाढतो, वर्षाच्या आत वयात येतो, मादी वर्षातून अनेकदा अंडी घालते. पार्सन पूर्वेच्या आणि उत्तरेच्या दमट, जुन्या जंगलातला. ओढ्याकाठच्या उंच झाडांवर राहणारा, आणि सगळं सावकाश करणारा. लांबीत औस्टालेचा कॅमेलियन त्याच्या तोडीचा आहे, दोघांचे नर शेपटीसकट ६५ सेंटिमीटरच्या पुढे जातात. वजनात मात्र पार्सनला जोड नाही. नराच्या नाकावर चामखिळीसारखी दोन बोथट शिंगं असतात, मादीला ती नसतात. घरी येणारा प्रत्येक जण "रंग बदलून दाखवतो का?" असं विचारतो आणि या जनावराकडे अर्धा तास बघून निराश होऊन जातो. नर बहुतेक वेळ हिरवा-निळसरच असतो. त्या अर्ध्या तासात कधीकधी तो हललेलासुद्धा नसतो.

या संथपणाचा आवाका कळायला त्याच बेटावरचा, त्याच कुळातला लाबोर्डचा कॅमेलियन बघावा. तो आठ-नऊ महिने अंड्यात काढतो आणि बाहेर आल्यावर जेमतेम चार-पाच महिने जगतो. उलट पार्सनच्या हाडांतली वाढीची वलयं मोजली, तर जंगलातला नर किमान ९ आणि मादी किमान ८ वर्षं जगते असं दिसतं. अंडी जमिनीत दीड ते दोन वर्षं राहतात. मादी बहुधा एक वर्ष सोडून अंडी घालते. म्हणजे पाळणाऱ्याने आज केलेली चूक त्याला दोन वर्षांनी कळते. पँथरमध्ये तीच चूक आठ-नऊ महिन्यांत कळते आणि पुढच्या वेळी सुधारता येते. इथे तशी पुढची वेळ फार क्वचित मिळते.

व्यापाराबद्दल थोडं सांगायला हवं. कॅमेलियन १९७७ पासून साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तरीही पुढची काही वर्षं मादागास्करमधून पकडलेले मोठे पार्सन सर्रास विकले जात. पाणी तुटलेली, जंतांनी पोखरलेली ती प्रौढ जनावरं नव्या घरात काही महिन्यांत मरत. हा प्राणी पाळण्यातलाच नाही, असा त्याचा लौकिक तेव्हा झाला. १९९५ मध्ये साइट्सच्या स्थायी समितीने फुर्सिफेरच्या चार जाती वगळून मादागास्करच्या बाकी सगळ्या कॅलुम्मा आणि फुर्सिफेर या कॅमेलियनच्या दोन गटांतल्या जातींची आयात थांबवण्याची शिफारस केली. पार्सन ही कॅलुम्मा. तेव्हापासून बंदिवासात काढलेल्या प्रत्येक पिल्लाला महत्त्व आलं, आणि कागद नसलेलं प्रौढ जनावर कितीही देखणं असलं तरी संशयास्पद ठरलं. माझ्या मते ते तसंच राहायला हवं.

पहिलं वर्ष: उष्णता आणि खुराक

दोघांना वेगळे पिंजरे दिले, प्रत्येकी १२० बाय ७५ बाय १८० सेंटिमीटर, बाजूंना जाळी, आत खऱ्या झाडांची गर्दी आणि मनगटाएवढ्या जाड फांद्या. मधे अपारदर्शक पडदा. इथपर्यंत बरोबर होतं. चूक वरच्या दिव्यात होती. पँथरच्या सवयीने मी ऊन खायच्या फांदीवर ३२ अंश ठेवले होते आणि दिवसाची खोली २८ च्या आसपास.

दोन आठवड्यांत नर खालच्या तिसऱ्या भागात येऊन बसायला लागला. रंग फिकट, तोंड किंचित उघडं. श्वसनाचा संसर्ग म्हणून मी त्याला पशुवैद्यांकडे नेलं. बाईंनी त्याला तपासलं, फुप्फुसं ऐकली, एक्स-रे काढला आणि विचारलं, "तुमच्या खोलीत थर्मामीटर कुठे लावलाय?" मी सांगितलं. "त्याच्या डोक्यावर किती असतं?" ते मी मोजलंच नव्हतं. औषध न देता त्यांनी आम्हाला परत पाठवलं. फांदीवरचे अंश २७ वर आणले, खोली दिवसा २३-२४ आणि रात्री १७. चौथ्या दिवशी तो पुन्हा वर, आपल्या जागी. एवढ्या मोठ्या शरीरात एकदा शिरलेली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. लहान सरडा सावलीत सरकला की दोन-चार मिनिटांत निवतो, हा निवायला तास घेतो.

खुराकाचंही तेच. पँथरच्या वाढत्या मादीला देतात तसे मी पार्सनच्या मादीला रोज टोळ, क्रिकेट आणि झुरळं देत होतो. तीही नाही म्हणत नव्हती. पाच महिन्यांत वजन २८६ वरून ३५१ वर गेलं आणि मी वहीत शेजारी 'छान' असं लिहिलं. डोक्यामागच्या शिरस्त्राणासारख्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना फुगवटे आले होते, ती चरबी होती. मग आठवड्यातून दोनदाच खाणं ठेवलं. किड्यांना चोवीस तास आधी चांगलं खाऊ घालायचं, त्यांच्यावर साध्या कॅल्शियमची हलकी भुकटी भुरभुरायची, ड-३ आणि अ जीवनसत्त्व असलेली भुकटी महिन्यातून दोनदाच. गोगलगाय मिळाली तर कवचासकट. गोगलगाय दिसली की ही मादी जीभ न फेकता चालत जाऊन ती तोंडाने उचलायची. कारण मला कळलं नाही, पण बघायला मजा यायची.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी सुरुवातीपासून सुदैवी ठरलो, कारण ठिबक आधीच लावलेलं होतं. एका सकाळी घड्याळ लावून बघितलं. नळीतून दर दोन सेकंदांना एक थेंब नाकाच्या टोकावर पडत होता. पहिली तीन मिनिटं नराने काहीच केलं नाही, फक्त एक डोळा वर फिरवला. मग जबडा किंचित उघडला, घसा हलायला लागला आणि पुढची चौदा मिनिटं तो पीत राहिला. पँथरला दोन मिनिटांचा फवारा पुरतो. तो नियम इथे लावला असता तर नर रोज तहानलेला राहिला असता आणि वर्ष-दोन वर्षांत मूत्रपिंडं गेल्यावर ते समजलं असतं.

पहिली भेट आणि खोलीतला हिवाळा

सातव्या महिन्यात पडदा बाजूला केला. नर लगेच गडद झाला, मान हलवत पुढे आला. मादीने तोंड वासलं, फुत्कारली, डोलायला लागली आणि फांदीवरून अक्षरशः खाली पडली. पडदा परत लावला. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. या टप्प्यावर बरेच जण मादी बदलतात. मीही तो विचार केला होता.

मग दोघांच्या आठ महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या. पूर्ण काळात दिव्यांचे तास साडेबारा, तापमान तेच, फवारे तेच. त्यात ऋतूच नव्हता. पार्सन ज्या जंगलात राहतो तिथे जून ते ऑगस्ट हा खरा थंड काळ असतो. अंदासिबेसारख्या हजार मीटरच्या आसपासच्या भागात रात्री पारा १० अंशांच्या जवळ उतरतो. त्या काळात पार्सन जवळजवळ हलत नाही, खाणंही फारसं नसतं. पाऊस आणि ऊब परतली की माज येतो. मी मात्र दोघांना सगळा काळ एकाच ऋतूत ठेवून माजाची वाट बघत बसलो होतो.

नवव्या महिन्यापासून तीन आठवड्यांत हळूहळू दिवे साडेदहा तासांवर आणले. दिवसा २० अंश, रात्री १३ ते १४. खाणं दहा दिवसांतून एकदा, तेही मागितलं तर. पाणी मात्र रोज, फक्त सकाळी, म्हणजे रात्रीपर्यंत पानं कोरडी होतात. थंड आणि ओलं एकत्र आलं तर छाती भरते. दहा आठवडे हे चाललं. पाळणाऱ्याची यात परीक्षाच असते. नर एका दुबेळक्यात बसला तो सतरा दिवस तिथेच होता. मी रोज टॉर्च मारून डोळे आत गेलेत का बघायचो. नराचं वजन ४९० वरून ४७२ झालं, मादीचं ३४४ वरून ३३१. एवढी घट चालते. याच्या दुप्पट झाली असती तर मी प्रयोग थांबवला असता.

ऊब आणि लांब फवारे परत सुरू केले. पाचव्या आठवड्यात पडदा काढला. मादीने रंग बदलला नाही, तोंड उघडलं नाही, पाठ फिरवून सावकाश चालायला लागली. नर मागून गेला. मीलन अठरा मिनिटं चाललं, आणि चार दिवसांत तीनदा झालं. पाचव्या दिवशी तिने त्याच्याकडे बघून फुत्कार टाकला, त्याबरोबर पडदा लावला.

एकाच जोडीवरून हिवाळ्यामुळेच हे जमलं असं सिद्ध होत नाही. मादी तोवर वर्षाने मोठीही झाली होती आणि तिची चरबीही उतरली होती. पण फक्त वयाची वाट बघितली असती तर ती अजूनही फांदीवरून पडत राहिली असती, असं मला वाटतं.

नखांचा आवाज

मादी अंड्यावर आली हे तिसऱ्या महिन्यात बोटांना कळायला लागलं, बरगड्यांखाली गोट्यांची पिशवी असावी तसं. वजन ४०२ ग्रॅम. चौथ्या महिन्यात खाणं सुटलं आणि ती पिंजऱ्याच्या तळाशी फेऱ्या मारायला लागली. अंडी घालण्यासाठी ३० सेंटिमीटर खोल मातीची पेटी आधीच ठेवलेली होती. पँथरच्या माद्या त्याच पेटीत निमूट अंडी घालायच्या.

पहिल्या दिवशी तिने एक बीळ उकरलं, सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. तिसऱ्या रात्री मी शेजारच्या खोलीत होतो तेव्हा एक बारीक आवाज ऐकला, खर्र-खर्र, थांबून पुन्हा खर्र-खर्र. नखं प्लास्टिकवर घासत होती. बिळाच्या टोकाशी ती पेटीच्या तळाला लागली होती आणि तळच उकरत होती. थोड्या वेळाने उलटी बाहेर आली, नाकाला माती, आणि फांदीवर जाऊन बसली. सहा दिवसांत अशी पाच बिळं.

इथे घाबरून जाण्याची वेळ असते, आणि बहुतेक माद्या इथेच जातात. अंडी अडकणं दोन प्रकारचं असतं. एकात अंडाशयातले बलक मोठे होतात पण सुटतच नाहीत, कवच चढतच नाही. त्यावर शेवटी शस्त्रक्रियाच लागते. दुसऱ्यात कवच चढलेली अंडी नळीत तयार असतात पण बाहेर येत नाहीत. एखादं अंडं वाकडं किंवा अवाजवी मोठं असेल, कॅल्शियम कमी पडून आकुंचन होत नसेल, किंवा मादीला जागाच पटली नसेल. बाहेरून हे सगळं सारखंच दिसतं. म्हणून एक्स-रे आणि रक्त तपासल्याशिवाय इंजेक्शन देऊ नये. वाट अडलेली असताना आकुंचनाचं औषध दिलं तर अंडनळी फाटू शकते.

एक्स-रेमध्ये कवचाच्या बारीक गोलाकार रेषा दिसत होत्या, तीसहून जास्त, सगळ्या जवळपास एका मापाच्या. रक्तातलं कॅल्शियम ठीक. डोळे भरलेले, पकड घट्ट, जीभ चालत होती. बाई म्हणाल्या, "अंडी अडकलेली नाहीत. तुमची जागा अडली आहे. थांबू या, पण किती थांबायचं ते आत्ताच ठरवा, नाहीतर तुम्ही रोज आणखी एक दिवस मागाल." चार दिवस ठरले. त्याआधी डोळे आत गेले, ती दिवसा डोळे मिटून बसली, किंवा पकड ढिली होऊन तळाशी पडून राहिली, तर लगेच आणायचं. मुदत आधी ठरवण्याची ही गोष्ट या सगळ्या प्रकरणातून मी शिकलेली सर्वांत कामाची गोष्ट आहे.

घरी येऊन पेटीतल्या मातीत थर्मामीटर खुपसला. वर २१ अंश, तळाशी १७. पेटी थेट फरशीवर होती आणि फरशी माती थंड करत होती. म्हणजे ती जितकी खोल जाई तितकी जागा वाईट होत होती आणि वर तळही लवकर लागत होता.

नवीन पिंप ६० सेंटिमीटर खोल. खाली दोन फळ्या, म्हणजे फरशीला टेकणार नाही. बागेतली गाळलेली माती आणि वाळू निम्मी-निम्मी, मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी गळू नये इतकी ओली. एका बाजूला उतार, उताराच्या वर एक लाकडाचा ओंडका, त्याच्या आडोशाला मी बोटाने एक छोटं भोक करून ठेवलं. खोली इतकी गरम ठेवली की माती आतपर्यंत २२-२३ वर यावी. पिंजऱ्याच्या तिन्ही बाजूंना काळं कापड, आणि बघण्यासाठी एक छोटा कॅमेरा. कॅमेलियनचे डोळे दोन दिशांना फिरतात. दाराच्या फटीतून बघणारा माणूस त्यांना दिसतो, आणि माणूस दिसला की मादी उकरणं सोडते. माझ्याकडून आधीच्या सहा दिवसांत हे किती वेळा घडलं असेल ते मोजायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओंडक्याखाली शिरली. संध्याकाळपर्यंत फक्त शेपटीचं टोक बाहेर. रात्रभर कॅमेऱ्यात काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बिळाच्या तोंडाशी उलटी उभी होती आणि मागच्या पायांनी माती आत लोटत होती, लोटलेली दाबत होती, पुन्हा लोटत होती. हे अकरा तास चाललं. काम संपल्यावर ती जागा इतकी सपाट झाली होती की कॅमेऱ्याची नोंद नसती तर मी दुसरीकडेच खणलं असतं. ती वर आली आणि ठिबकाखाली चाळीस मिनिटं प्यायली. वजन २८९.

बिळाची लांबी ४४ सेंटिमीटर भरली. पँथरची पेटी ३० सेंटिमीटरची होती.

दोन डबे

चमचा आणि मऊ ब्रशने अंडी काढायला दोन तास लागले. जशी पडली होती तशीच उचलायची, वरच्या बाजूला पेन्सिलीने ठिपका, आणि ठिपका वरच राहील अशी ठेवायची. छत्तीस अंडी. तीन पिवळट, चिकट आणि मऊ होती, ती बाजूला केली. उरली तेहतीस.

आता खरा प्रश्न आला. पँथरची अंडी मी २४ अंशांवर ठेवून विसरून जायचो. पार्सनच्या अंड्यांबद्दल अनुभवी लोक सांगतात की मधे थंड काळ द्यावा. मुळात कॅमेलियनची अंडी बाहेर येतात तेव्हा आतला गर्भ फारच आरंभीच्या अवस्थेत असतो. येमेनच्या कॅमेलियनमध्ये हे नीट अभ्यासलं गेलं आहे, तिथे दोन महिने तो जवळपास पुढे सरकतच नाही. पार्सनमध्ये ही विश्रांती कितीतरी लांब. जंगलात अंडी पावसाळा सरत आल्यावर मातीत जातात, मग एक हिवाळा, मग पुन्हा पावसाळा. थंडी ही गर्भाला 'आता वाढ' असं सांगणारी खूण असावी, हा तर्क पटण्यासारखा होता. पण सगळी अंडी एका तर्कावर लावायची माझी तयारी नव्हती. म्हणून दोन डबे केले. दोन्हींत व्हर्मिक्युलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारं खनिज, आणि वजनाने जवळपास बरोबरीचं पाणी.

पहिल्या डब्यात १७ अंडी. सतत २३-२४ अंश, पँथरसारखीच.

दुसऱ्यात १६. पहिले तीन महिने २३-२४. मग वाइन कूलरमध्ये दहा आठवडे १५ ते १७ अंश. मग दर आठवड्याला एक अंश वाढवत दिवसा २४ आणि रात्री २०-२१, शेवटपर्यंत.

पुढचं वर्षभर लिहिण्यासारखं काहीच घडलं नाही. दर महिन्याला अंधारात टॉर्चवर अंडं धरून बघायचं, आत गुलाबी रेषा दिसतात का. थंड डब्यातल्या अंड्यांत नवव्या महिन्यात पहिल्या रेषा दिसल्या, दोन महिन्यांत तेरा अंड्यांत. स्थिर डब्यात नवव्या महिन्यात काही नाही, बाराव्यात तीन अंड्यांत, पंधराव्यात सात. काही अंडी पांढरीशुभ्र, टणक, आणि आत काहीच नाही. अशी अंडी फेकून द्यायचा मोह होतो. दुर्गंधी, बुरशी किंवा खोल खड्डा असल्याशिवाय फेकू नयेत. स्थिर डब्यातल्या अशाच दोन अंड्यांतून पुढे पिल्लं आली.

साडेएकोणीस महिन्यांनी, एका सकाळी थंड डब्यातल्या चार अंड्यांना घाम आला होता. कवचावर बारीक थेंब, आणि फुगलेलं अंडं किंचित बसलेलं. पहिल्यांदा बघणारा याला अंडं बिघडलं असं समजतो. रात्री एका टोकाला चांदणीसारखी चीर पडली. मग बराच वेळ काही नाही. मग चिरेतून एक डोळा बाहेर आला आणि फिरायला लागला, आधी छताकडे, मग माझ्याकडे, मग शेजारच्या अंड्याकडे. बाकी पिल्लू अजून आतच होतं. तसंच ते सात तास राहिलं. चीर पडल्यावर अंडं उघडून मदत करायला हात शिवशिवतात, तेव्हा हात खिशात ठेवावेत. आतला बलक पोटात ओढून घ्यायला त्याला तो वेळ लागतो.

थंड डब्यातून चोवीस दिवसांत १२ पिल्लं आली. एक पूर्ण वाढलेलं अंड्यातच गेलं, तीन अंडी आधीच खराब झाली होती. स्थिर डब्यातून ५ आली, तीही पाच महिन्यांत पसरून, शेवटचं अंडी घातल्यापासून पंचविसाव्या महिन्यात. चार पूर्ण वाढून अंड्यातच मेली, उघडून पाहिली तर बलक बाहेरच राहिलेला होता. आठ अंडी वाटेत खराब झाली.

हे आकडे बघून थंडीचा झेंडा लावणं सोपं आहे, आणि मीही पहिल्या आठवड्यात लावला होता. नंतर डब्यांच्या वजनाच्या नोंदी तपासल्या. स्थिर डबा मी वारंवार उघडत होतो, कारण त्यात काही होत नव्हतं म्हणून काळजी वाटायची. प्रत्येक वेळी थोडी वाफ जायची आणि पाणी मी अंदाजाने घालायचो. पहिल्या वर्षात त्या डब्याचं एकूण वजन दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त घटलं होतं. पूर्ण वाढून अंड्यात मेलेल्या पिल्लांचं कारण थंडीचा अभाव असेल, कोरडेपणाही असेल. वेळेतला फरक, म्हणजे एका डब्याने चोवीस दिवस आणि दुसऱ्याने पाच महिने घेणं, हा मात्र मला कोरडेपणाने समजावता येत नाही. तो ऋतूचाच असावा.

पिल्लं

पिल्लू शेपटीसकट माझ्या तर्जनीएवढं. पहिले चोवीस तास डब्यातच, मग चार-चारच्या गटांत, महिन्याभरात एकेकटी. तापमान २४ च्या वर नाही, रात्री १८. खाणं फळमाशा आणि टिचभर क्रिकेट, पण पहिल्या तीन दिवसांत खाण्यापेक्षा पाणीच महत्त्वाचं. पानांवर दव राहील असा बारीक फवारा दिवसातून पाच-सहा वेळा. मी बाहेर असताना एका पिंजऱ्याच्या फवाऱ्याची तोटी चुन्याने बुजली, एका दिवसात एक पिल्लू सुकून गेलं. त्यानंतर प्रत्येक पिंजऱ्याला दोन तोट्या आल्या. स्थिर डब्यातली दोन अशक्त पिल्लं तिसऱ्या आठवड्यात गेली. त्यांनी एकदाही नीट नेम धरून जीभ फेकली नव्हती. सहा महिन्यांना सतरापैकी चौदा शिल्लक होती. आता ती वर्षाची आहेत आणि नर कोणते, माद्या कोणत्या हे अजून नीट सांगता येत नाही. तीनच जणांच्या नाकावर शिंगांचे उंचवटे दिसतात. म्हणून जोड्या म्हणून ती कोणाला द्यायची नाहीत असं मी ठरवलं आहे. ज्यांनी मागणी केली त्यातल्या निम्म्यांनी हे ऐकून नाद सोडला.

मादी अंडी घातल्यावर पाच महिने हाडकुळी होती. लहान खाणं, वारंवार, कॅल्शियम जपून. तिला ३०० ग्रॅमवर यायला जवळपास वर्ष लागलं. पुढच्या हिवाळ्यानंतर नर माजावर आला तेव्हा पडदा काढला नाही, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यानंतरही नाही. मोठं पिंप धुऊन, नवी माती भरून ठेवलं आहे, फळ्यांवर. स्थिर डबा कायमचा बंद. दोन्ही डब्यांना आता वजनकाटा आहे, आणि झाकण उघडल्याची प्रत्येक वेळ वहीत जाते. सध्या खोलीत चौथा हिवाळा चालू आहे. दिवसा २० अंश. मादीचं आजचं वजन ३१४. नर त्याच दुबेळक्यात बसला आहे, आज अकरावा दिवस.